नवरा बँकरप्ट झाला, मग निकालाविरुद्ध अपील कुणी करायचं?

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

आम्ही मूळचे साताऱ्याचे. मेलबर्नला येऊन अकरा वर्षं झाली. मिस्टरांनी इथे फराळाचं आणि किराण्याचं दुकान काढलं. गाळ्याचा करार कंपनीच्या नावावर होता, पण जामीन म्हणून आम्हा दोघांच्या सह्या होत्या. दुकान चाललं नाही. मुदतीआधीच चाव्या परत केल्या. गाळेमालकानं उरलेल्या चौदा महिन्यांच्या भाड्यासाठी आम्हा दोघांवर दावा लावला. वकील परवडेना म्हणून मिस्टर स्वतःच कोर्टात बोलले. हमीपत्र न समजून सही केली, एवढंच ते सांगत राहिले. रकमेवर आम्ही काहीच बोललो नाही. काउंटी कोर्टानं आमच्या दोघांविरुद्ध १,३८,००० डॉलरचा निकाल दिला. पुढे मिस्टरांना बँकरप्ट ठरवणारी ऑर्डर निघाली. त्या तारखेला ते घरीच बसून राहिले.

आता फ्रिजवरच्या बिस्किटांच्या डब्यात चाव्या परत दिल्याची पावती सापडली आहे. शिवाय तो गाळा नऊ आठवड्यांतच दुसऱ्याला भाड्यानं गेला होता, असं शेजारच्या दुकानदारानं सांगितलं. मिस्टरांनी स्वतः अपील लिहून दिलं, तर उत्तर आलं की बँकरप्ट माणसाला ते करता येत नाही. ट्रस्टी, म्हणजे मिस्टरांची मालमत्ता आणि देणी सांभाळायला नेमलेले अधिकारी, म्हणतात, पैसे नाहीत, मी अपील करणार नाही. मिस्टर जेवत नाहीत, नीट झोपत नाहीत. म्हणतात, "कायद्याच्या लेखी मी आता माणूसच उरलो नाही." मोठे दीर गावाकडून पैसे पाठवायला तयार आहेत. मग हा निकाल उलटवायला जायचं कुणी?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चार पानं मिस्टरांबद्दल आणि शेवटच्या पानाच्या समासात तिरक्या अक्षरांत एक ओळ: "निकालात माझंही नाव आहे, त्यानं काही फरक पडतो का?" पडतो, आणि इतका पडतो की मी उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

बँकरप्ट मिस्टर झाले आहेत, तुम्ही नाही. निकाल तुम्हा दोघांविरुद्ध आहे, म्हणजे गाळेमालक उद्या सगळीच्या सगळी रक्कम एकट्या तुमच्याकडे मागू शकतो. एक जामीनदार बँकरप्ट झाला म्हणून दुसरा सुटत नाही. हे ऐकायला कडू आहे, पण ज्या कारणानं ते ओझं तुमच्यावर आहे, त्याच कारणानं अपिलाचा हक्कही तुमच्या हातात शाबूत आहे. मिस्टरांचा अर्ज परत आला म्हणून तुमचा परत येईल असं समजू नका. तो वेगळा माणूस, वेगळा अर्ज.

अडचण आहे ती मुदतीची. व्हिक्टोरियात काउंटी कोर्टाच्या दिवाणी निकालावर थेट अपील होत नाही. सुप्रीम कोर्टातल्या कोर्ट ऑफ अपीलची परवानगी लागते आणि ती निकालापासून २८ दिवसांत मागायची असते. तुमचे ते दिवस कधीच उलटून गेले. म्हणून मुदतवाढीचा अर्ज आणि परवानगीचा अर्ज, दोन्ही सोबत करावे लागतील. उशीर किती झाला, का झाला, त्यानं समोरच्याचं काय नुकसान होईल आणि अपिलात खरोखर दम आहे का, हे सगळं कोर्ट बघेल.

आणि एक प्रश्न असा येईल की ज्याचं उत्तर तुम्हाला आजच तयार ठेवायला हवं: पावती तुमच्याच घरात, तुमच्याच डब्यात होती, तर खटल्याच्या वेळी का दाखवली नाही? अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत. थोडी शोधाशोध केली असती तर तेव्हाच मिळाला असता असा कागद बहुतेक वेळा बाहेरच राहतो. त्यामुळे सगळा भार त्या पावतीवर टाकू नका. गाळा नऊ आठवड्यांत पुन्हा भाड्यानं गेला ही गोष्ट जास्त वजनदार आहे, कारण ती गाळेमालकाला माहीत होती आणि तुम्हाला नव्हती. नवा भाडेकरू भाडं भरत असताना त्याच महिन्यांचं भाडं तुमच्याकडूनही घेणं म्हणजे एका गाळ्याचं दोनदा भाडं. करार मोडल्याची भरपाई मागणाऱ्यानं आपलं नुकसान कमी करण्याचा वाजवी प्रयत्न करायचा असतो, आणि ते खरोखर जेवढं कमी झालं तेवढं भरपाईतून वजा व्हायचं असतं. मात्र शेजारच्या दुकानदाराचं तोंडी सांगणं पुरणार नाही. नवं दुकान उघडल्याची जाहिरात, फोटो, करार कधीपासूनचा, जे मिळेल ते तारखेसकट गोळा करा.

आता मिस्टरांबद्दल. त्यांना आलेल्या उत्तरात दोन ओळी होत्या. त्यामागचं कारण कुणी समजावून सांगितलं असतं तर माणूस असा आतून मोडला नसता. मला याचा मनापासून राग येतो. कायद्यात जे आहे ते आहे, पण ते घरच्या भाषेत सांगायला पाच मिनिटं लागतात.

ऑस्ट्रेलियाच्या १९६६ च्या बँकरप्टसी ॲक्टप्रमाणे ज्या क्षणी ऑर्डर निघते त्या क्षणी माणसाची मालमत्ता, काही गोष्टी वगळून, ट्रस्टीकडे जाते. देणी कुठे जातात? तीही त्याच्या खांद्यावरून उतरून त्या मालमत्तेवर जाऊन बसतात. गाळेमालकाला आता मिस्टरांच्या मागे लागता येत नाही. पगार अडकवता येत नाही, जप्ती आणता येत नाही. त्यानं फक्त ट्रस्टीपुढे आपला दावा मांडायचा आणि जे काही वाटप होईल त्यात वाटा घ्यायचा. म्हणजे १,३८,००० डॉलरचा निकाल राहिला काय आणि रद्द झाला काय, मिस्टरांच्या खिशात एक सेंटही कमीजास्त होत नाही. फरक पडतो तो ट्रस्टीच्या ताब्यातल्या पैशाला आणि इतर देणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचं मिस्टरांकडून येणं आहे त्यांना. म्हणून लढायचा अधिकारही ट्रस्टीचा.

इथल्या हायकोर्टानं, म्हणजे या देशातल्या सर्वात वरच्या कोर्टानं, हे १९९६ साली कमिंग्ज विरुद्ध क्लेअरमाँट पेट्रोलियम या खटल्यात ठरवलं. पैशाच्या निकालाविरुद्ध बँकरप्ट माणूस स्वतःच्या नावानं अपील करू शकत नाही, कारण त्यात त्याचं आर्थिक हित उरलेलं नसतं. सगळी देणी फिटून काही उरलंच तर ते माझं, ही नुसती आशाही त्याला पुरत नाही. त्याच्या तीन वर्षं आधी, १९९३ मध्ये, इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलनं हीथ विरुद्ध टँग या प्रकरणात हेच म्हटलं होतं. तिथे न्यायमूर्ती हॉफमन यांनी एक गोष्ट छान मांडली. बँकरप्टसीचं कोर्ट इथे चाळणीचं काम करतं: निरर्थक अपिलांत उरलासुरला पैसा वाया जाऊ नये आणि देणेकऱ्यांना उगाच छळ होऊ नये. पण चाळणी म्हटली की त्यातून काहीतरी खाली पडणारही असतं. खऱ्या तक्रारीला वाट आहे, ती ट्रस्टीमार्फत किंवा त्या कोर्टामार्फत जाते.

मला हा नियम बहुतांशी पटतो. या कामात मी असे लोक पाहिलेत जे सगळं बुडाल्यावरही वर्षानुवर्षं अर्जांमागून अर्ज करत राहतात, आणि दर अर्जाचा खर्च शेवटी इतर छोट्या देणेकऱ्यांच्या वाट्यातून जातो. त्यात तुमच्या दुकानाला दूध पुरवणाराही असेल. पण तुमच्यासारख्या घरात, जिथे रकमेबद्दल कुणी कधी बोललंच नाही, तिथे हा नियम टोचतो हेही मी नाकारत नाही.

आणि मिस्टरांना हे जरूर वाचून दाखवा: जे नुकसान माणसाच्या देहाचं, मनाचं किंवा अब्रूचं आहे, ते ट्रस्टीकडे जात नाही. उद्या कुणी त्यांना गाडीनं धडक दिली, कुणी त्यांची खोटी बदनामी केली, तर तो दावा त्यांचाच. बँकरप्ट असताना तो त्यांनीच चालवायचा आणि त्यातून मिळालेली भरपाई ट्रस्टीला घेता येत नाही. १९३५ मध्ये न्यायमूर्ती डिक्सन यांनी कॉक्स विरुद्ध जर्नो खटल्यात हीच कसोटी सांगितली होती, आणि आजही तीच लावतात. म्हणजे कायद्यानं त्यांचा माणूसपणा काढून घेतलेला नाही. घेतलं ते फक्त पैशाच्या व्यवहाराचं सुकाणू.

मग ट्रस्टीचं काय करायचं? त्यांनी "पैसे नाहीत" म्हटलं ते टाळायला म्हटलं असं धरून चालू नका. ट्रस्टीनं खटला हातात घेतला आणि हरला तर समोरच्याचा खर्च त्याच्या स्वतःच्या अंगावर येऊ शकतो. ताब्यातल्या मालमत्तेत पैसाच नसताना ते ही जोखीम का घेतील? म्हणून त्यांच्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नका. एक पत्र लिहा: निकालात चूक कुठे आहे ते एका पानात, सोबत पावती आणि गाळा पुन्हा भाड्यानं गेल्याचे कागद, आणि शक्य असेल तर वकिलाचं छोटंसं मत. आणि खर्च कोण भरणार ते स्पष्ट सांगा. दीर पैसे देत असतील तर ते त्यांनी त्यांच्या खात्यातून, त्यांच्या नावानं, लेखी हमी देऊन द्यायचे. मिस्टरांच्या खात्यात एक रुपयाही पाठवू नका. ते पैसे मिस्टरांचे ठरले तर ट्रस्टीकडे जातील आणि दिरांची मदत भलत्याच ठिकाणी खर्ची पडेल.

एवढं करूनही नकार आला तर त्या नकाराविरुद्ध कोर्टात जाता येतं, आणि तिथे बँकरप्ट माणूस स्वतः जाऊ शकतो. ट्रस्टीला अपील करायला सांगा किंवा त्यांच्या नावानं आम्हाला करू द्या, अशी मागणी करता येते. मात्र नकाराचं पत्र फायलीत ठेवून महिना-दोन महिने घालवू नका, याचीही मुदत असते.

यापेक्षा स्वस्त एक वाट आहे आणि माझ्या मते मिस्टरांनी आधी तीच धरावी. गाळेमालकाला वाटपात हिस्सा हवा असेल तर त्याला ट्रस्टीपुढे आपलं येणं सिद्ध करावं लागतं. कोर्टाचा निकाल हातात आहे म्हणून ट्रस्टीनं डोळे मिटून आकडा मान्य केलाच पाहिजे असं नाही. योग्य कारण असेल तर निकालाच्या मागे जाऊन खरं देणं किती होतं ते ट्रस्टी पाहू शकतात. त्यांनी दावा मान्य केलाच, तर तो कमी करा किंवा काढून टाका असा अर्ज बँकरप्ट माणसाला कोर्टात करता येतो. तेव्हा ते सगळे कागद ट्रस्टीला आजच द्या, दावा मान्य होण्याची वाट पाहू नका.

आता ती चुकलेली तारीख. मिस्टर घरी बसले, हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण दाद मागायला ती सगळ्यात चांगली जागा होती. बँकरप्ट ठरवण्याआधी कोर्टाला स्वतःची खात्री करायची असते की खरंच देणं आहे का. २०१७ साली हायकोर्टानं रॅम्सी हेल्थ केअर विरुद्ध कॉम्प्टन हा निकाल दिला. त्या प्रकरणात कॉम्प्टन नावाच्या गृहस्थांविरुद्ध हमीपत्रापोटी ९८ लाख डॉलरहून अधिक रकमेचा निकाल होता. मूळ खटल्यात त्यांनी फक्त हमीपत्र आपल्यावर बंधनकारक नाही एवढंच म्हटलं, रकमेवर वाद घातलाच नाही. तुमच्या मिस्टरांनी केलं अगदी तसंच. नंतर कागद पुढे आले आणि त्यांतून दिसत होतं की मुळात देणं नव्हतंच. हायकोर्टानं सांगितलं की अशा वेळी बँकरप्टसीच्या कोर्टानं निकालाच्या मागे जाऊन पाहायला हवं. दोन बाजू कोर्टात भांडल्या आणि एक हरली, एवढ्यानं तो दरवाजा बंद होत नाही.

हा निकाल मिस्टरांपेक्षा तुमच्या कामाचा आहे, ताई. गाळेमालक तुम्हालाही बँकरप्ट ठरवायला निघाला तर आधी बँकरप्टसी नोटीस, म्हणजे त्या कारवाईची पहिली सूचना, येईल. ती आली की त्याच आठवड्यात वकील गाठा आणि पुढची प्रत्येक तारीख स्वतः हजर राहून पाळा. फ्रिजवर ठेवू नका.

मिस्टरांसाठी त्या बाजूला दोन गोष्टी उरतात. बँकरप्ट ठरवणाऱ्या ऑर्डरविरुद्ध दाद मागायचा हक्क त्यांचा स्वतःचाच असतो. मूळ निकालाचा नियम तिथे लागू नाही, कारण ती ऑर्डर थेट त्यांच्या दर्जावर आहे. त्याची मुदत काही आठवड्यांचीच असते आणि तुमची टळली असावी. दुसरं म्हणजे ती ऑर्डर मुळात निघायलाच नको होती असं दाखवून बँकरप्टसी रद्द करून घेण्याचा अर्ज. हा उशिरा करता येतो, आणि त्यातही कोर्ट निकालाच्या मागे जाऊ शकतं. पण इतका वेळ का लावलात, तारखेला का आला नाहीत आणि तुमची इतर देणी भरण्याची ऐपत आहे का, हे विचारतंच. दुकानाचे इतर देणेकरी बाकी असतील तर हा मार्ग अवघड होतो. रद्द झाली तर मात्र मूळ निकालाविरुद्ध उभं राहायचा हक्क पुन्हा मिस्टरांकडे येतो.

दिरांचा पैसा खटल्यात घालायचा की तडजोडीत, हेही घरात बसून ठरवा. देणेकऱ्यांपुढे एकरकमी प्रस्ताव ठेवता येतो. त्यासाठीच्या बैठकीत मत देणाऱ्यांपैकी संख्येनं निम्म्याहून जास्त आणि रकमेनं किमान पाऊण देणेकऱ्यांनी होकार दिला की बँकरप्टसी संपते. गाळा दोनदा भाड्यानं दिल्याचा कागद हातात असेल तर त्या बैठकीत गाळेमालकाचा आवाजही जरा खाली येईल.

तीन गोष्टी विचारलेल्या नाहीत, पण तुमच्या पत्रातून दिसल्या म्हणून सांगतो.

मिस्टरांनी स्टेटमेंट ऑफ अफेअर्स, म्हणजे आपली मालमत्ता आणि देणी यांची माहिती देणारा फॉर्म, भरून दिलं आहे का? ऑर्डर निघाली त्या दिवसापासून तीन वर्षं मोजली जात नाहीत. तो फॉर्म स्वीकारला जातो त्या दिवसापासून तीन वर्षं आणि एक दिवस. फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून असेल तर सुटकेचं घड्याळ सुरूच झालेलं नाही. निराशेत कागदाला हात न लावणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून विचारतो.

साताऱ्याची जमीन. सासूबाई गेल्या असं तुम्ही ओघात लिहिलं आहे. त्यांच्या किंवा मामंजींच्या पश्चात मिस्टरांचा जो काही हिस्सा असेल तो इथल्या कायद्याच्या दृष्टीनं मालमत्ताच आहे. मालमत्ता ऑस्ट्रेलियात असो वा बाहेर, कायदा फरक करत नाही. बँकरप्ट असताना वारसानं मिळालेलंही त्यात येतं. सातबारावर अजून नाव चढलं नसलं तरी ट्रस्टीला सांगा. गुंठाभर असो की एकरभर, लपवलं तर तो गुन्हा होतो, आणि मग निकालाबद्दलची तुमची खरी तक्रारही कुणी ऐकणार नाही.

आणि वर्षश्राद्धाला जायचं आहे. ट्रस्टीची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय मिस्टरांनी देश सोडायचा नाही. तिकीट काढण्याआधी अर्ज करा, तारखा आणि कारण लिहा. अशा कारणासाठी परवानगी मागायला संकोच करू नका.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर नॅशनल डेट हेल्पलाइनला १८०० ००७ ००७ वर फोन करा. तिथले सल्लागार पैसे घेत नाहीत आणि दुभाषाही मिळू शकतो. तुमच्या भागातल्या कम्युनिटी लीगल सेंटरमध्ये वेळ घ्या. जाताना निकालाची प्रत, दोघांच्या सह्यांचं हमीपत्र, ती पावती, ट्रस्टीचं पत्र आणि मिस्टरांच्या अर्जाला आलेलं उत्तर, एवढं सगळं एका पिशवीत घालून न्या. निकालात फसवणूक हा शब्द कुठे आला आहे का, तेही त्यांना बघायला सांगा. फसवणुकीतून आलेलं देणं बँकरप्टसी संपल्यावरही मानगुटीवर राहतं. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, पण नजरेखालून गेलेलं बरं.

त्या भेटीला मिस्टरांना सोबत न्या. अर्ज तुमच्या नावानं असेल, पण चाव्या कुणाच्या हातात दिल्या, किती वाजता, काय बोलणं झालं, हे त्यांनाच माहीत आहे. तुमच्या अपिलात ते साक्षीदार असतील. त्यांना आज रात्री जेवायला बसवून हे सांगा.